वाचकांचे प्रश्न : नळीखालची अक्षरं आधी वाचा

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की वाड्यात जुनी बंदूक निघाली तर ती घासण्याआधी, विकण्याआधी, विहिरीत फेकण्याआधी नळीच्या खालच्या अंगाला कोरलेली अक्षरं वाचून घ्या. त्यावर भंडाऱ्यापासून धारणीपर्यंतची पत्रं आली. परतवाड्याला माझे वडील बंदुका दुरुस्त करत, पुढे मीही तेच काम केलं. मेळघाटातून उतरलेल्या, संत्र्याच्या बागांतून आलेल्या, माळगुजारांच्या घरून धोतराच्या पानात गुंडाळून आणलेल्या बंदुका आमच्या मेजावर उघडल्या गेल्या. दुकान आता बंद केलं आहे, पण या वस्तूंचा इतिहास माझ्यासमोर पुसला जातो तेव्हा मला गप्प बसवत नाही. म्हणून उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न : आजोबांची दुनळी आमच्याकडे आहे, परवानाही चालू आहे. नळ्यांवर तपकिरी-काळी लहरदार नक्षी दिसते. आजोबा तिला बारा बोर म्हणत, पण नळ्या उतरवल्यावर खाली १३ आकडा दिसला. मग बंदूक बाराची की तेराची? आणि आज दुकानात मिळणारं काडतूस तिला चालेल का?
— एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालणार नाही. एकही बार काढू नका. कारण सांगतो, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

बोराचा आकडा म्हणजे नळीचं माप नाही, गोळ्यांचा हिशेब आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. एका पौंडाच्या सोळा गोळ्या पाडल्या तर गोळी लहान होते, म्हणून सोळा बोराची नळी बारापेक्षा बारीक असते. खेड्यात पुष्कळांना सोळा म्हणजे मोठी वाटते, ते उलट आहे. चारशे दहा म्हणतात ती छोटी बंदूक या हिशेबात बसत नाही, तिथे ०.४१० इंच हे सरळ माप आहे.

आता तुमचा १३. विलायतेत नळी तपासणाऱ्या प्रूफ हाऊसमध्ये ठरावीक जाडीचे गज नळीत घालून पाहत. बाराचा गज आत गेला नाही आणि तेराचा गेला, की तेराचा शिक्का. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, मात्र बारा बोरच्या काडतुसाचाच. म्हणजे तुमचे आजोबा बरोबर होते आणि शिक्काही बरोबर आहे. त्या आकड्याजवळ हिऱ्याच्या आकाराची चौकट आहे का, तिच्यात १२ आणि त्याखाली इंग्रजी सी आहे का, ते भिंगाने पाहा. असेल तर नळी १८८७ ते १९२५ या काळात इंग्लंडमध्ये तपासलेली. चौकट नसून नुसताच १३ असेल, तर ती १८८७ च्या आधीची असण्याचा संभव मोठा. इंग्रजी शिक्क्यांऐवजी लंबगोलात ईएलजी अशी तीन अक्षरं निघाली, तर नळी बेल्जियमच्या लिएज शहरात तपासलेली आहे. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर ती १८९३ नंतरची. आपल्याकडे बेल्जियमचा माल भरपूर आला, तो इंग्रजी मालापेक्षा स्वस्त पडे. वाड्यातली बंदूक बेल्जियमची निघाली म्हणून तिला हलकी समजू नका. तिथले नळी घडवणारे हात फार कसबी होते.

नक्षीचं म्हणाल, तर ती रंगाची नाही, धातूचीच आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक ठेवून तापवून जोडायच्या, त्यांच्या लांब चौकोनी कांब्या काढायच्या, त्या तापवून पीळ द्यायचा, मग दोन, तीन किंवा चार पिळलेल्या कांब्या तीनपेडी वेणीसारख्या शेजारी बसवून एक पट्टी करायची. ती पट्टी लोखंडी गजाभोवती गुंडाळत न्यायची आणि हातोड्याने सांधत जायचं. गज काढला की नळी. शेवटी आम्लाचा हात दिला की लोखंड आणि पोलाद वेगवेगळे रंगतात आणि घडवणाऱ्याचा प्रत्येक पीळ वर दिसू लागतो. हिला दमास्कसची नळी म्हणतात. लिएजजवळच्या व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यात, नेसोनव्हो गावाच्या आसपास घरोघरी हे काम चाले. पहिल्या महायुद्धाने ते जवळजवळ संपवलं. आपल्याकडच्या जोहरदार तलवारीचं पोलाद वेगळं, ते मुशीत शिजवलेलं असतं आणि त्याची नक्षी पोलाद थंड होताना त्याच्या आतच तयार होते; आपल्या सीमेपलीकडे निजामाबादजवळचं कोनासमुद्रम त्यासाठी नावाजलेलं होतं. दोन्ही कामं थोर आहेत, पण एक नव्हेत.

त्या नळीत सांधेच सांधे आहेत. जुन्या काळ्या दारूच्या, म्हणजे बारुदाच्या, दाबासाठी ती घडवली होती. दीडशे पावसाळ्यांत त्या सांध्यांत आतून गंज शिरतो, तो वरून दिसत नाही. वर आणखी एक धोका आहे. त्या काळची बारा बोरची चेंबरं बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची. आजचं काडतूस ७० मिलिमीटरचं. भरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असल्याने ते अडीच इंची चेंबरमध्ये सहज बसतं, म्हणून माणूस फसतो. बार उडाला की तोंड उघडून पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब एकदम वाढतो. नळी फाटते ती डाव्या हाताजवळ. आमच्या मेजावर अशी फाटलेली नळी आली होती. ज्याची होती त्याची दोन बोटं गेली होती.

तुमच्या नळीवर बारीक अक्षरांत 'नॉट फॉर बॉल' असंही कोरलेलं असू शकेल. पक्ष्यांच्या शिकारीसाठी छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीचं तोंड किंचित आवळायची युक्ती १८६६ पासून इंग्लंडात रूढ होऊ लागली, तिला चोक म्हणतात. आवळलेल्या तोंडातून अखंड गोळी घालवली तर नळी फुटायची भीती, म्हणून ती सूचना. १८७५ ते १८८७ या काळातल्या नळ्यांवर ती दिसते. तुमच्या आजोबांच्या आजोबांना कुणी ती वाचून दाखवली असेल का, कोण जाणे.

एक हात जोडून विनंती. नळी चकचकीत करायला बफिंगच्या चाकावर देऊ नका. एका घरची अशी बंदूक मी पाहिली; पोराने हौसेने गावच्या वर्कशॉपमधून घासून आणली होती. नक्षी गेली, शिक्के गेले, बंदुकीचं साल ओळखायची खूणही गेली. लाकडाला मात्र उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, थोडा वेळ मुरू द्या आणि कोरड्या फडक्याने पुसा. अक्रोडाच्या दस्त्याला विलायतेतले कारागीरही जवसाचंच तेल देत, आणि जवस तर आपल्या शेतात होतं.

प्रश्न : आमच्या भागात भरमार बंदुकांबद्दल नेहमी ऐकतो. शाळेतली मुलं विचारतात की ही बंदूक कुठून आली, किती जुनी? नेमकं काय सांगावं?
— एक शिक्षक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

गुरुजी, मुलांना एका पाद्र्याची गोष्ट सांगा. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. तिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासतात. ती पेटवायची कशी, हा खरा प्रश्न होता. आधी जळती जामगी लावत, ती तोड्याची बंदूक. मग गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडत, ती चकमकीची. दोन्हींत नळीबाहेरच्या छोट्या वाटीत रंजक, म्हणजे चिमूटभर दारू, घालावं लागे, आधी ते भडके आणि मग आतला बार उडे. स्कॉटलंडात बेलहेल्वी गावी अलेक्झांडर जॉन फोरसिथ नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांना बदकांच्या शिकारीचा नाद. वाटीतला भडका दिसला की बदकं दचकून उडत आणि बार वाया जाई. त्यांनी आघाताने फुटणारं स्फोटक वापरून बंदुकीचं कुलूप, म्हणजे बार पेटवणारी कळ, तयार केलं, म्हणजे उघडी वाटी नको आणि भडकाही नको. १८०७ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. पेटंटच्या कामी वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने त्यांना मदत केली होती. पुढे १८२० च्या दशकात तांब्याची टोपी आली. घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते, आत बार जातो. पाऊस असो की वारा, काम होतं.

आपल्याकडची भरमार ही त्या टोपीच्या बंदुकीच्या कुळातली. विलायतेत १८६० नंतर काडतुसाने तिला हटवलं. आपल्या जंगलात ती टिकली, कारण काडतूस विकत घ्यावं लागतं आणि ठासणीला ते लागत नाही. गावच्या लोहाराने पाण्याच्या नळापासून केलेल्या भरमारी मी पाहिल्या आहेत. त्यांचं वय पुष्कळदा बनवणाऱ्याच्या मुलाएवढंच असतं. म्हणून भरमार दिसली की ती पुरातन वस्तू, असं मुलांना सांगू नका. आणि हेही सांगा की परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. गडचिरोलीत गावकऱ्यांनी अशा बंदुका आपणहून पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्याच असतील.

इतिहासाच्या तासाला आणखी एक धागा जोडता येईल. काळ्या दारूतला मुख्य घटक सोरा. तो बिहारच्या मातीतून नोनिया समाजाची माणसं काढत आणि ईस्ट इंडिया कंपनी पाटण्याहून तो जहाजांनी विलायतेला नेई. युरोपातल्या लढाया आपल्या मातीतल्या मिठावर लढल्या गेल्या, हे मुलांना कळायला हवं.

प्रश्न : सातपुड्यात, पचमढीकडे फिरलेला इंग्रज शिकारी फोरसिथ आणि बंदुकीच्या टोपीचा शोध लावणारा फोरसिथ एकच का?
— एक वाचक, धारणी

नाही. पाद्री फोरसिथ वरच्या उत्तरात आले. सातपुड्यातले कॅप्टन जेम्स फोरसिथ बंगाल स्टाफ कोअरचे अधिकारी, निमाडची जमीन-मोजणी त्यांनी केली, पचमढीला १८६२ मध्ये बायसन लॉज बांधलं आणि १८७१ मध्ये तरुण वयातच वारले. पण बंदुकीचा संबंध त्यांचाही आहे. मोठ्या जनावरासाठी जाड बोराची रायफल, गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीच्या आतले आटे अगदी सैल पिळाचे असावेत, असं त्यांचं ठाम मत होतं. घट्ट पिळात भारी दारू घातली तर गोळी आटे सोडून घसरते, हे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. मात्र तोवर इंग्लंडात दुसरी वाट निघाली होती. पर्डी या कारागिराने १८५६ मध्ये लांबट, हलकी गोळी जास्त दारूने वेगात सोडणारी रायफल काढली आणि आगगाडीवरून तिला एक्स्प्रेस म्हटलं. पुढची पन्नास वर्षं हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांत एक्स्प्रेस चालली, गोल गोळी मागे पडली.

प्रश्न : माळ्यावर एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात लाल कागदाची, पितळी बुडाची काडतुसं आहेत. बुडावर इली-किनॉक, आयसीआय अशी अक्षरं आणि तोंडावरच्या पुठ्ठ्यावर एलजी लिहिलं आहे. ती किती जुनी? एलजी म्हणजे काय? अजून उडतील का?
— एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

भाऊ, तो डबा उन्हात वाळवायला ठेवू नका, काडतुसं उघडून आत काय आहे ते पाहू नका आणि लहान पोरांच्या हाती पडू देऊ नका. तुमच्याकडे बारा बोरचा परवाना नसेल तर आजच पोलीस ठाण्यात कळवा. काडतूस जुनं झालं म्हणून कायद्यातून सुटत नाही. फोटो काढून ठेवा, कारण अक्षरं मोलाची आहेत.

वयाचं असं. इली ही लंडनची कंपनी १८२८ पासूनची. किनॉक बर्मिंगहॅमजवळच्या विटनची, जॉर्ज किनॉकने १८६२ मध्ये काढलेली. पहिलं महायुद्ध संपताना दोन्ही एका छत्राखाली आल्या आणि १९२६ मध्ये आयसीआय या मोठ्या कंपनीत गेल्या. म्हणजे बुडावर तिन्ही नावं एकत्र असतील तर काडतूस १९२६ च्या नंतरचं. पुढची हद्द कागद सांगतो. प्लास्टिकचं काडतूस अमेरिकेत रेमिंग्टनने १९६० मध्ये आणलं आणि त्यानंतर कागद हळूहळू हटला. तुमच्या घरातल्या कुणाचा शिकारीचा काळ या दोन टोकांमध्ये बसतो का, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

हे कागदी नळकांडं सोपं वाटतं, पण त्यामागे पन्नास वर्षांची धडपड आहे. पॅरिसच्या कासिमिर लेफोशो याने १८३० च्या दशकात पाठीमागून उघडणारी बंदूक आणि तिच्यासाठी काडतूस काढलं. त्याच्या बुडातून एक पितळी सुई बाजूला बाहेर आलेली असे. घोडा त्या सुईवर आपटे. ठासणीचा गज गेला, मिनिटाचं काम क्षणावर आलं. पण सुई बाहेर असल्याने काडतूस हातातून पडलं तर फुटायची धास्ती. मग टोपी बुडाच्या मधोमध बसवण्याची रीत आली. इंग्लंडात जॉर्ज डॉने १८६१ मध्ये तसं काडतूस बाजारात आणलं. आज तुमच्या डब्यात आहे ते त्याचंच रूप.

विलायतेत कागद चालला. आपल्या पावसाळ्यात तो फुगायचा. फुगलेलं काडतूस चेंबरमध्ये जात नाही, बळेच घातलं तर बार झाल्यावर निघत नाही. बंदूक वाघासमोर अशी अडकली तर काय व्हायचं, ते सांगायला नको. म्हणून हिंदुस्थानात पूर्ण पितळी काडतुसांना मागणी होती, आणि इलीने पेगामॉइड नावाचं पाणी न पिणारं कागदी काडतूसही काढलं होतं. नवेगावबांध, सिरेगाव, इटियाडोहाच्या बाजूच्या माजी माळगुजारी तलावांवर बदकांसाठी पहाटे पाण्यात उभे राहणारे जुने शिकारी काडतुसं मेण लावलेल्या कापडात ठेवत, असं माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं.

एलजी हा छर्ऱ्याचा आकार. एक औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमात, एलजीचे सहा मणी बसतात आणि एसजीचे आठ. पाखरांसाठीचा सहा नंबर घेतला तर इंग्रजी मापाने त्याच औंसात २७० दाणे येतात. म्हणून जंगलवाले एलजी, एसजी मागत आणि तलाववाले चार-सहा नंबर.

उडतील का, या प्रश्नाचं उत्तर उडवून पाहू नका, हेच. काही उडणार नाहीत, काही उशिरा उडतील. घोडा पडला, बार झाला नाही, माणसाने बंदूक उघडली आणि तेवढ्यात बार झाला, तर तोंडावर येतो. शिवाय त्या काळच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून एक क्षार नळीत उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि आषाढात रात्रीतून नळी गंजते. तेलाने तो जात नाही, कारण तेलात क्षार विरघळत नाही. वडील आधी नळीतून कढत पाणी घालवत, नळी कोरडी करत आणि मगच तेल लावत. जुन्या बंदुकांच्या नळ्या आतून खडबडीत झालेल्या दिसतात त्यामागे बहुधा हेच कारण असतं, वापर नव्हे.

प्रश्न : आमच्या काकांच्या परवान्याच्या रायफलवर ईशापूर आणि .३१५ असं आहे. पोलिसांकडे पूर्वी थ्री नॉट थ्री असायची. दोन्हींत फरक काय, आणि .३१५ हा आकडा जगात दुसरीकडे का ऐकू येत नाही?
— एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती

कारण ते आपल्या देशातच रुजलेलं काडतूस आहे. हकीकत मार्टिनी-हेन्री रायफलपासून सुरू होते. १८७१ मध्ये इंग्रज फौजेने ती घेतली. तिच्या गोळीचं माप.४५०. नंतर १८८८ मध्ये थ्री नॉट थ्री आली. गंमत म्हणजे पहिली काही वर्षं तिच्यात काळीच दारू होती. धूर न करणारी कॉर्डाइट १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. जुन्या मार्टिनी वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती मोठ्या संख्येने गेल्या होत्या. सरकारला भीती, की शिकारीच्या नावाखाली आलेला .४५० चा दारूगोळा तिकडे पोचेल. तेव्हा १८९८ मध्ये रिग्बीने काढलेलं .४५० नायट्रो एक्स्प्रेस काडतूस हत्ती-गव्याच्या शिकारीत अतिशय लोकप्रिय झालेलं होतं. १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थान आणि सुदानात .४५० ला बंदी केली. बंदूकवाल्यांनी मग जवळची मापं काढली. हॉलंड अँड हॉलंडचं .४६५ त्यातलंच, आणि .४७० सुद्धा. नकाशावरच्या सरहद्दीच्या भीतीने लंडनच्या कारखान्यांतली मापं बदलली, हे मला नेहमी विलक्षण वाटत आलं आहे.

हाच विचार पुढेही टिकला. फौजेचं माप सामान्य माणसाला द्यायचं नाही. थ्री नॉट थ्री नागरिकांना बंद, म्हणून बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने .३१५ ची शिकारी रायफल दिली. तिचं काडतूस ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मानलिखर काडतुसावरून आलेलं. काकांच्या रायफलमध्ये थ्री नॉट थ्रीचं काडतूस कधीही घालून पाहू नये. नळीचा व्यास, चेंबर, सगळंच वेगळं आहे.

प्रश्न : दमदम बुलेट म्हणजे खरोखर विषारी गोळी असते का?
— एक विद्यार्थिनी, पुसद

नाही, ताई. विष नसतं. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांच्या देखरेखीखाली थ्री नॉट थ्रीची एक गोळी तयार झाली. तिच्या टोकावरचं कठीण कवच काढून शिसं उघडं ठेवलं होतं, म्हणून अंगात शिरल्यावर ती पसरे आणि जखम भयंकर होई. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशी गोळी वापरण्यास मनाई करणारा जाहीरनामा झाला. शिकारीत मात्र पसरणारीच गोळी चांगली मानली गेली, कारण जखमी होऊन जंगलात पळालेलं जनावर तडफडत मरतं किंवा माणसावर उलटतं. दमदमचं आणखी एक नातं १८५७ शी आहे. चरबी लावलेल्या एनफिल्ड काडतुसांची कुजबुज तिथल्याच छावणीत जानेवारीत पसरली आणि मार्चमध्ये बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागे, म्हणून तो प्रश्न थेट तोंडाशी आला.

प्रश्न : एकनळीवर मँटन अँड कंपनी, कलकत्ता असं नाव आहे. म्हणजे बंदूक हिंदुस्थानात बनलेली का?
— एक वाचक, देसाईगंज

नाव दुकानाचं असू शकतं. बर्मिंगहॅमला घडलेल्या बंदुकांवर इथल्या विक्रेत्याचं नाव कोरून देण्याची रीतच होती. खरं गाव शिक्के सांगतील. वर लाखांदूरच्या उत्तरात ते दिले आहेत. कलकत्त्याच्या अशाच रॉडा कंपनीचा माल २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंदरातून दुकानात नेला जात असताना क्रांतिकारकांनी एक बैलगाडीच पळवली. ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं त्यांच्या हाती आली. म्हणून विक्रेत्याचं नावसुद्धा जपून ठेवा, पुसू नका.

प्रश्न : वडील गेले. त्यांच्या शेतरक्षणाच्या परवान्यावरची जुनी बारा बोर घरात आहे. भाऊ म्हणतो, ती शंभर वर्षांची आहे, पुरातन आहे, परवाना लागत नाही. आई म्हणते, देऊन टाक. मी काय करू?
— एक वाचक भगिनी, अंजनगाव सुर्जी

बाई, भावाचं म्हणणं कायद्याला धरून नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ ची सूट आहे खरी, पण ती अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. तुमची बंदूक बार काढू शकते किंवा दुरुस्तीने काढू शकेल, तर वय कितीही असो, परवाना लागतोच. वडील गेले की त्यांच्या परवान्यावर घरात ती ठेवता येत नाही. कलम २१ प्रमाणे विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. जमा केली म्हणजे गेली असं नाही. वारस म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि बाकी वारसांची संमती लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, वडिलोपार्जित धरूनही, तेवढं भावाला सांगा. आणि वस्तू शंभर वर्षांवरची निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी परदेशी गिऱ्हाईक दाखवून भाव करत असेल तर नाही म्हणा.

जमा करण्याआधी, बंदूक रिकामी आहे याची खात्री ठाण्यातल्या जाणत्या माणसाकडून करून घेतल्यावर, नळीखालचे सगळे शिक्के, कुलपावरचं नाव आणि परवान्याचं प्रत्येक पान यांचे उजेडात फोटो काढा. परवान्यावर दरवर्षी किती काडतुसं घेतली याच्या नोंदी असतात. रोही-डुकरांनी कोणत्या साली पीक जास्त खाल्लं, हे त्या नोंदींवरून कधी कधी कळतं. फोटो मला पाठवले तर साल मी काढून देईन, त्यासाठी बंदूक कुठे आणायची गरज नाही.